एसयू-८ चे खांब आणि वर ॲल्युमिनियमची जाळी: डोस वाढवू की मटेरियलच बदलू?

सोलापुरी_इलेक्ट्रॉन

नमस्कार मंडळी. पीएचडी करतोय, विषय वायूवर चालणारे कणशोधक. आमच्या विद्यापीठात क्लीनरूम नाही. आयएनयूपी योजनेतून एका मोठ्या फॅबमध्ये स्लॉट मिळतो, तेव्हा रात्रीच्या गाडीने जायचं, काम उरकायचं आणि परत. त्यामुळे एक रन वाया गेला की पुढच्या स्लॉटपर्यंत हातावर हात. म्हणून इथे सविस्तर विचारतो.

बनवायचंय काय: मायक्रोमेगास, पण जाळी वरून ताणून बसवलेली नाही, वेफरवरच घडवलेली. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कण वायूतून गेला की इलेक्ट्रॉन सुटतात, ते खाली सरकत जाळीच्या भोकांतून ५० मायक्रॉनच्या फटीत शिरतात. तिथे विद्युतक्षेत्र इतकं तीव्र असतं की एकाचे हजारो होतात आणि खालच्या पट्ट्यांवर सिग्नल मिळतो. जाळीला टेकू म्हणून एसयू-८ चे खांब; एसयू-८ म्हणजे उजेड आणि ऊब मिळाली की घट्ट जुळणारा इपॉक्सी रेझिस्ट.

माझी प्रोसेस: ४ इंची सिलिकॉन, वर ऑक्साइड, त्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. एसयू-८ २०५० ३००० आरपीएमला फिरवला, ५० मायक्रॉन मिळाले. ९५ अंशांवर सॉफ्ट बेक, खांबांच्या मास्कमधून एक्स्पोजर, पुन्हा ९५ वर बेक. इथे डेव्हलप न करता वर १ मायक्रॉन ॲल्युमिनियम स्पटर केलं, म्हणजे प्लाझ्माने धातूचा थर चढवला. मग पॉझिटिव्ह रेझिस्ट (यात उजळलेला भाग निघून जातो), १०० अंशांवर बेक, भोकांचा मास्क, ॲल्युमिनियम एच, म्हणजे रसायनाने भोकं कोरली. शेवटी पीजीएमईए या द्रावकात बुडवलं, म्हणजे भोकांतून खालचा न उजळलेला एसयू-८ विरघळून निघावा आणि खांब मागे उरावेत. भोकं ३५ मायक्रॉन, दोन भोकांच्या केंद्रांत ६० मायक्रॉन, खांब ३० मायक्रॉन व्यासाचे, चार भोकांच्या मधोमध. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर रुंद एसयू-८ ची सलग चौकट.

तक्रारी:

स्पटरिंगनंतर ॲल्युमिनियमला जागोजागी सुरकुत्या. डेव्हलप केल्यावर भोकांखाली एक पातळ पापुद्रा राहतो, तो कितीही वेळ ठेवला तरी जात नाही. चौकटीच्या कोपऱ्यांतून भेगा निघतात, आणि जे खांब पट्ट्यांच्या कडेवर आलेत ते उपटून येतात. एक तुकडा त्यातल्या त्यात बरा निघाला. त्यावर आरगॉन-आयसोब्यूटेन सोडून व्होल्टेज चढवलं, तर ३०० च्या आसपास ठिणग्या.

सरांचं म्हणणं, डोस कमी पडतोय, दुप्पट कर. माझ्या मनात एसयू-८ ऐवजी केएमपीआर हा दुसरा रेझिस्ट घ्यावा असं आहे. कुणी हे हातानं केलंय का?

---

चाकणचा_मेम्सवाला

खांब उपटतायत म्हणजे चिकटत नाहीयेत. एक्स्पोजरनंतरचा बेक १५० वर नेऊन बघा, घट्ट बसतील. आम्ही प्रेशर सेन्सरच्या पॅकेजिंगला एसयू-८ वापरायचो तेव्हा १५० चा हार्ड बेक ठरलेलाच असायचा, बारीक भेगाही त्यात भरून यायच्या.

---

पिवळी_खोली

चाकणकर, हार्ड बेक तुमच्या कामात बरोबर होता, कारण तुम्ही तो डेव्हलप झाल्यावर करत होता. इथे न उजळलेला एसयू-८ अजून आतच आहे. १५० वर ठेवलात तर तोही आपोआप जुळायला लागेल आणि खांबांऐवजी अखंड चौथरा हातात येईल. सोलापूरकर, हे करू नकोस.

(विद्यार्थी आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते. मी मूळची सांगलीची, सध्या एन्स्खेडेत. सूक्ष्मवाहिन्यांचं काम करते, दिवसभर एसयू-८ मध्येच हात असतात. जाळी थेट चिपवर घडवायची ही पद्धत याच गावच्या ट्वेंटे विद्यापीठाने आणि आम्सटरडॅमच्या निकेफ या कणभौतिकी संस्थेने मिळून उभी केली. मी त्या गटातली नव्हे, पण ज्या मटेरियलशी त्यांनी झटापट केली त्याच्याशी माझीही रोजची ओळख आहे.)

आधी डोसचा प्रश्न निकाली काढू. एक्स्पोजरनंतर वेफर ९५ च्या प्लेटवर ठेवलास की थोड्याच वेळात मास्कची आकृती थरात दिसायला लागते. दिसली का? दिसली असेल तर डोस पुरेसा आहे. ५० मायक्रॉनला सिलिकॉनवर दीडशे ते सव्वादोनशे मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच पल्ला आहे. तो दुप्पट केलास तर खांब जाडजूड होतील, तुझं एकही दुखणं जाणार नाही. खांबाच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत तुझ्याकडे जेमतेम १० मायक्रॉन आहेत, तेही खाऊन बसशील.

माझ्या मते तुझी पहिली दोन दुखणी एकाच ठिकाणाहून येतात. एक्स्पोजर झालं की "एसयू-८ झाला" असं धरून तू पुढचं सगळं नेहमीच्या रेसिपीने करतोयस. पण वेफरवरचा बहुतेक एसयू-८ अजून कच्चा आहे. जुळलेल्या एसयू-८ चा टीजी, म्हणजे मऊ पडायचं तापमान, २०० अंशांच्या वर जातो, कच्च्याचा मात्र ५०-५५ च्या आसपास. त्याच्यावर गेलं की तो मऊ पडतो. स्पटरिंगमध्ये वेफर सहज त्याच्यावर जातो. मऊ थरावर धातू बसला, मग सगळं थंड होऊन आकसलं, तर दूध निवताना सायीला सुरकुत्या पडतात तसंच होणार. त्यावर तू पॉझिटिव्ह रेझिस्ट १०० अंशांवर भाजलास, म्हणजे उरलीसुरली सपाटीही गेली.

आता पापुद्रा. एसयू-८ ची गंमत अशी की उजेड स्वतः काही जुळवत नाही. रेझिनच्या एका रेणूवर सरासरी आठ इपॉक्सी गट असतात, नावातला आठ तोच. सोबत एक सल्फोनियम क्षार असतो, अँटिमनीवाला. अतिनील उजेडात तो फुटून तीव्र आम्ल सुटतं आणि गप्प बसून राहतं. उष्णता मिळाली की ते आम्ल इपॉक्सीची कडी उघडतं, एक उघडली की ती दुसरी उघडते, अशी साखळी चालू होते. म्हणजे दोन गोष्टी लागतात, आम्ल आणि ऊब. तुझ्या स्पटरिंगच्या प्लाझ्मात अतिनील आहे, इलेक्ट्रॉनही आहेत. एसयू-८ इलेक्ट्रॉन बीमला इतका संवेदनशील आहे की लोक तो मुद्दाम ई-बीम रेझिस्ट म्हणून वापरतात. ॲल्युमिनियमचा पहिला थर पूर्ण झाकेपर्यंत वरच्या कातडीत आम्ल तयार झालं. मग १०० अंशांच्या बेकने त्याला हवी ती ऊब दिली. झाला पापुद्रा, आणि तो नीट जुळलेला एसयू-८ असल्यामुळे पीजीएमईएमध्ये जन्मात विरघळणार नाही.

तेव्हा करायचं काय:

स्पटरर सोड, थर्मल इव्हॅपोरेटर माग. बोटमध्ये ॲल्युमिनियम तापवणारा, साधा. ई-बीम इव्हॅपोरेटर नको, तिथेही भरकटलेले इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण असतात. १ मायक्रॉन एका दमात न टाकता टप्प्याटप्प्याने टाक, मध्ये शटर बंद करून वेफर निवू दे. शक्य तितकं अंतर राख.

पॉझिटिव्ह रेझिस्टचा बेक ४५ च्या वर नेऊ नकोस. तासभर, दीड तास लागू दे. रेझिस्ट थोडा कच्चा राहील, एचमध्ये कडा किंचित खाल्ल्या जातील, चालतं. भोक ३५ चं ३७ झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. ॲल्युमिनियमचा एचंट लोक गरम करून वापरतात, तोही ४० च्या आतच ठेव. सावकाश होऊ दे.

एच झाल्यावर पॉझिटिव्ह रेझिस्ट काढायला ऑक्सिजन प्लाझ्मा वापरलास ना? लिहिलं नाहीस, पण बहुतेकांचं बोट तिकडेच जातं. नको. आता भोकं उघडी आहेत, प्लाझ्माचा उजेड थेट कच्च्या एसयू-८ वर पडतो. फ्लड एक्स्पोजर (अख्ख्या वेफरवर उजेड) देऊन काढणं तर त्याहून वाईट. मुळात वेगळं काढायची गरजच नाही. ४५ वर सुकवलेला पॉझिटिव्ह रेझिस्ट पीजीएमईएमध्ये आनंदाने विरघळतो, बहुतेक रेझिस्टचा मूळ द्रावकच तो आहे. एकाच बुडीत दोन्ही कामं.

डेव्हलप करताना वेफर पालथा धर, म्हणजे सुटलेला जड माल भोकांतून खाली पडेल. द्रावण बदलत राहा. मग आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) चार थेंब टाकून बघ. पांढरं आलं की आत अजून माल आहे, परत बुडव. स्वच्छ निघाल्यावर नायट्रोजनची गन जाळीवर धरू नकोस, फुग्यासारखी फुगून फाटते. पाण्यानेही धुऊ नकोस. पाण्याचं पृष्ठताण आयपीएच्या तिपटीहून जास्त, वाळताना जाळीला खाली ओढतं. आयपीएमधूनच काढ आणि कोमट प्लेटवर आडवा ठेवून निवांत सुकू दे.

भेगांचं कारण वेगळं आहे, ते साध्या गणितात दिसतं. जुळलेल्या एसयू-८ चा प्रसरणगुणांक साधारण ५२ पीपीएम प्रति अंश, सिलिकॉनचा ३ च्या आतबाहेर. ९५ वरून २५ वर आलास की ७० अंशांचा फरक, म्हणजे ०.३४ टक्के आकुंचनाची हाव, जी सिलिकॉन पूर्ण होऊ देत नाही. एसयू-८ चा यंग मापांक २ गिगापास्कल धरला तर ताण सात ते नऊ मेगापास्कल. सुट्या खांबाला त्याचं काही नाही, तो आपापल्या जागी आकसतो. पण ३ मिलिमीटर रुंद सलग चौकट! सगळा ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथून फाटतं. चौकट काढून टाक. तिच्या जागी पाच-सहा ओळी दाट खांबांच्या दे, किंवा छोट्या छोट्या तुटक भिंती, कोपरे गोल करून. आणि ९५ वर थेट टाकू नकोस, ६५ वर दोन-तीन मिनिटं, मग ९५. उतरतानाही वेफर प्लेटवरच ठेवून प्लेट बंद कर, ती निवेल तसा तो निवेल. गार स्टीलच्या टेबलावर वेफर उतरवणाऱ्या माणसाला मी क्लीनरूममधून बाहेर काढते.

सॉफ्ट बेक पुरा झाला का, हे कळायची खूण: वेफर निवू दे, परत ९५ च्या प्लेटवर ठेव. पृष्ठभागावर सुरकुत्या उमटल्या तर आत अजून द्रावक आहे, आणखी भाज. याला घड्याळापेक्षा जास्त मान दे. आणि प्लेट सपाट आहे का ते बघ. फॅबमधल्या सामायिक हॉटप्लेट कुणीतरी सरकवलेल्या असतात. ९५ वर एसयू-८ पातळ होऊन वाहतो, प्लेट कलती असेल तर वेफरच्या एका बाजूला ४५ आणि दुसऱ्या बाजूला ५५ मायक्रॉन. तुझ्या शोधकात फट बदलली की गेन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनचे किती होतात ते, बदलणार. मी गवंड्याची छोटी पाणसळ बॅगेत ठेवते, आमचे डच लोक हसतात, हसू देत.

पट्ट्यांच्या कडेवरचे खांब: अर्धा पाय ऑक्साइडवर, अर्धा ॲल्युमिनियमवर, मध्ये पायरी. शिवाय ॲल्युमिनियमवरून उजेड परत उसळतो, ऑक्साइडवरून वेगळा. शक्य असेल तर मास्क असा मांड की सगळे खांब दोन पट्ट्यांच्या मधल्या ऑक्साइडवर येतील. चिकटण्यासाठी खाली २ मायक्रॉन एसयू-८ चा अखंड थर द्यायची युक्ती आहे, ती मी वाहिन्यांसाठी सर्रास वापरते, पण तुला चालणार नाही, तुझा ॲनोडच झाकला जाईल.

---

निवांत_अणू

पिवळीताईंनी प्रोसेसचं सगळं सांगितलं. मी आयुष्यभर शोधक चालवले, बनवले कमी. त्यामुळे ठिणगीपुरतं बोलतो.

३०० व्होल्ट, ५० मायक्रॉन, म्हणजे ६० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण या फटीला हे नेहमीचंच क्षेत्र आहे, लोक याच्यावरही चालवतात. एसयू-८ च्या माहितीपत्रकात आरपार फुटण्याआधी सोसायची मर्यादा ११२ व्होल्ट प्रति मायक्रॉन दिलीय, तू लावतोयस ६. खांब आरपार फुटत नाहीये, ही खात्री बाळग. ठिणगी जाते ती खांबाच्या अंगावरून, किंवा भोकाच्या टोकदार कडेवरून, किंवा आत अडकलेल्या कचऱ्यावरून. तुझ्या त्या पापुद्र्याचे लोंबणारे तुकडे हा माझा पहिला संशयित.

संशय तपासायची सोपी रीत. आरगॉन काढ, कोरडी हवा भर. पाशेनच्या वक्रानुसार हवेत साधारण ३३० व्होल्टच्या खाली, फट कितीही असो, वायूतून ठिणगी पडतच नाही. तो हवेचा तळ आहे. तेव्हा कोरड्या हवेत ३०० व्होल्ट लाव आणि पिकोॲमीटरवर प्रवाह बघ. प्रवाह वाहिला तर तो वायूतून नाही, पृष्ठभागावरून चाललाय: ओलावा, उरलेला एसयू-८, एचंटचे क्षार. प्रवाह शून्याजवळ असेल आणि ठिणगी फक्त आरगॉनमध्ये पडत असेल, तर दोष वायूतल्या ॲव्हलांशचा (एकाचे हजारो होण्याचा) आणि भूमितीचा. दोन्ही आजारांचं औषध वेगळं, म्हणून आधी हे वेगळं कर. चेंबर काही तास कोरड्या वायूने धुऊन, थोडं ऊबवून मगच मोज. इपॉक्सी हवेतला ओलावा धरतं. पावसाळ्यात केलेली मोजणी आणि उन्हाळ्यातली मोजणी यांची तुलना करून प्रबंधात निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत.

ठिणग्या मात्र कधीच पूर्ण जाणार नाहीत. अल्फा कण आला की तो एका जागी इतके इलेक्ट्रॉन सोडतो की गेनने गुणल्यावर संख्या कोटीच्या घरात जाते, आणि तिथे रेथरची मर्यादा आडवी येते, म्हणजे एका ॲव्हलांशमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या तिच्यापुढे गेली की ठिणगी पडते. सिलिकॉन चिपवर जाळी घडवणाऱ्यांच्या चिपा सुरुवातीला अशाच जळाल्या. मग त्यांनी चिपवर काही मायक्रॉन जाडीचा उच्चरोधी थर चढवला, आधी ॲमॉर्फस सिलिकॉनचा, नंतर सिलिकॉन जास्त असलेल्या नायट्रायडचा. ठिणगी पडते, पण थर तिला विद्युतभार पुरवत नाही, तिथल्या तिथे विझते. तुझ्या पट्ट्यांवरही तो थर घे. पट्टीची कडाही झाकली जाईल आणि ताई म्हणतात ती दोन वेगळ्या पृष्ठभागांची भानगडही मिटेल.

आता एक खडूस प्रश्न. तुझ्या पट्ट्या किती अंतरावर आहेत? चारशे मायक्रॉन वगैरे असतील तर हा सगळा खटाटोप कशासाठी? चिपवरच्या जाळीचा खरा फायदा असा की टाइमपिक्स या पिक्सेल चिपवर ५५ मायक्रॉनच्या प्रत्येक पिक्सेलवर नेमकं एक भोक येतं आणि एकेक इलेक्ट्रॉन मोजता येतो. लोह-५५ चा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण आरगॉनमध्ये सव्वादोनशेच्या आसपास इलेक्ट्रॉन सोडतो. ते तिथे ठिपके मोजावेत तसे मोजता येतात. सर्नच्या कास्ट प्रयोगात ॲक्सिऑन (अजून न सापडलेला, फक्त कल्पनेतला कण) शोधायला असा शोधक बसवला होता. सिग्नल पट्ट्यांवरूनच वाचणार असशील तर भोक नेमकं कुठे आहे याला काडीची किंमत नाही. मग बल्क मायक्रोमेगास कर. फ्रान्समधल्या सक्लेच्या मंडळींनी १९९६ साली मायक्रोमेगास मांडला, आणि पुढे दहा वर्षांनी सर्नच्या पीसीबी कार्यशाळेबरोबर ही बल्क रीत बसवली: पीसीबीवर प्रकाशसंवेदी ड्राय फिल्म लॅमिनेट करायची, विणलेली स्टीलची जाळी ठेवायची, वरून पुन्हा फिल्म, एक्स्पोजर, धुतलं की खांब तयार आणि जाळी त्यांत पकडलेली. फट १२८ मायक्रॉन. जपानच्या टी२के या न्यूट्रिनो प्रयोगातले टीपीसी (कणाची वाट टिपणारे मोठे वायूशोधक) याच रीतीने बनले. क्लीनरूमही लागत नाही, चांगला पीसीबीवाला लागतो. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये मायक्रोमेगासवर बरंच काम झालंय, त्यांचे पेपर वाच.

---

सोलापुरी_इलेक्ट्रॉन

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार. प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवणार आहे.

आकृती दिसली होती, अगदी स्पष्ट. म्हणजे डोसचा विषय संपला. ऑक्सिजन प्लाझ्मा वापरला होता, तुम्ही कसं ओळखलंत!

काका, पट्ट्या २४० मायक्रॉनवर आहेत. तुमचं म्हणणं पटतं, पण प्रकल्पाच्या मंजुरीतच "वेफरवर घडवलेली जाळी" असं लिहिलंय. पुढच्या टप्प्यात पिक्सेल चिप घ्यायची सरांची इच्छा आहे, तोवर पट्ट्यांवर हात बसवायचा. त्यामुळे बल्क तुलनेसाठी एक करीन, मुख्य काम हेच.

ताईंना दोन प्रश्न. मायक्रोस्कोपखाली खांब वरून ३६ मायक्रॉन आणि खाली ३० दिसतात, डोक्यावर टोपी घातल्यासारखे. ते कशाने? आणि केएमपीआर घेऊ का नको, हे राहिलंच.

---

पिवळी_खोली

टोपी: मास्क अलाइनरचा पारा दिवा ३६५ सोबत त्याच्या खालच्या तरंगलांबीही देतो. ३५० नॅनोमीटरच्या खाली एसयू-८ उजेड वरच्या वर शोषून घेतो, म्हणून डोक्यावर जास्त आम्ल, पायाशी कमी. ३६० चा लाँगपास फिल्टर लाव. फिल्टर लावल्यावर सुमारे ४० टक्के वेळ वाढवावा लागतो, तेवढा वाढव. तुमच्या फॅबमध्ये फिल्टर कुठल्यातरी कपाटात असेलच, विचार. दुसरं कारण मास्क आणि थर यांच्यातली फट. कडेला साचलेली जाड किनार काढलीस का? नसेल तर मास्क त्या किनारीवर टेकतो आणि मधोमध हवा राहते, उजेड पसरतो. सॉफ्ट बेकआधी कडेचा ५ मिलिमीटर पट्टा द्रावकाच्या स्वॅबने पुसून घे.

केएमपीआर: तोही इपॉक्सीच, भेगा कमी, आणि नको तेव्हा काढून टाकता येतो. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या साच्याला मी तोच घेते. पण तुला तर काढायचाच नाहीये, आयुष्यभर राहायला हवाय. एसयू-८ ची जी खोड लोकांना नकोशी होते, एकदा जुळला की कशानेच न निघणं, तीच तुझ्या कामाची आहे. बदलायचंच असेल तर २००० मालिकेऐवजी ३००० मालिका घे, ३०५०. त्यातला ताण कमी असतो, चिकटतोही बरा. सॉफ्ट बेक मात्र जास्त वेळ लागतो.

आणि वेफर सुकवून घेतल्यावर, म्हणजे २०० वर वाळवून, तसाच स्पिनरपाशी जा. चहाला जाऊ नकोस.

---

मांडवीची_लाट

मध्येच घुसते. मी पणजीत एमएस्सी करतेय. एसयू-८ फक्त खांबांसाठीच वापरतात का शोधकांत? सिंटिलेटरवर एक सेमिनार द्यायचाय म्हणून विचारते.

---

पिवळी_खोली

नाही ग, माझ्या जवळचा उपयोग तर वेगळाच आहे. सर्न आणि लोझानच्या ईपीएफएलने एसयू-८ मध्ये केसाएवढ्या वाहिन्या कोरल्या, भिंतींना चकचकीत धातूचा मुलामा दिला आणि आतून द्रव सिंटिलेटर खेळवला. कण गेला की द्रव उजळतो, उजेड भिंतींवर आपटत टोकाशी पोचतो, तिथे मोजतात. प्लास्टिक सिंटिलेटर मारा खाऊन खाऊन पिवळा पडतो, तो फेकावा लागतो. इथे जुना द्रव सोडून द्यायचा, नवा भरायचा. मुलामा लागतो कारण एसयू-८ चा अपवर्तनांक १.६ च्या आसपास, द्रवाचा त्याहून कमी, म्हणजे मुलाम्याशिवाय उजेड भिंतीत शिरून वाया जाणार. सेमिनारला हे घे, चित्रं छान मिळतात.

---

सोलापुरी_इलेक्ट्रॉन

थर्मल इव्हॅपोरेटरचा स्लॉट मिळतोय, पण फॉर्मवर "नमुन्यावर पॉलिमर आहे का" असा रकाना आहे, आणि हो लिहिलं की समिती फाइल अडकवते असं सीनियर सांगतात. काय लिहू?

---

पिवळी_खोली

हो लिही. लपवून आत नेलंस आणि चेंबरमध्ये द्रावक सुटला तर व्हॅक्यूम बसणार नाही, पुढच्या माणसाचा रनही जाईल आणि तुझं नाव कायमचं यादीत बसेल. समितीला हवं असतं ते हे: थर ५० मायक्रॉन, एसयू-८ २०५० किंवा ३०५०, सॉफ्ट बेक पूर्ण, पुन्हा तापवल्यावर सुरकुत्या येत नाहीत, वेफरचं तापमान ५० च्या वर जाणार नाही. आधी एका कोऱ्या एसयू-८ च्या वेफरवर दाब किती वेळात खाली येतो ते दाखवायची तयारी आहे, असंही लिही. मागच्या बाजूला चिकटवायचा तापमानाचा स्टिकर मिळतो, ४० ते ६० पल्ल्याचा, तो लाव आणि रननंतर त्याचा फोटो फाइलला जोड.

---

निवांत_अणू

आणि नायट्रायडचा थर जाळीच्या आधी घालायचाय, त्याचा स्लॉट आत्ताच माग. पीईसीव्हीडी, म्हणजे प्लाझ्माच्या मदतीने वायूंतून थर चढवायची रीत, ३०० अंशांवर चालते, एसयू-८ चढवल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.